गाडी धडधाकट असतानाच मेकॅनिक शोधा

बहुतेक जण मेकॅनिक शोधायला लागतात ते गाडी बंद पडल्यावर. खंबाटकी घाटात गाडी गरम होऊन उभी, बोनेटखालून वाफ, मागून ट्रकचे हॉर्न आणि आत बायको-पोरं. अशा वेळी जो कोणी पाना घेऊन धावत येतो तो देवासारखा वाटतो, आणि देवाला एस्टिमेट कोण विचारणार? वॉटर पंप गेला म्हणाला की गेला. तीन हजार म्हणाला की तीन हजार.

माझी गाडी २०१५ची पेट्रोल स्विफ्ट. आता सव्वा लाख किलोमीटर झालेत. वॉरंटी संपल्यावर एक अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि तीन गॅरेजं करून मी पाचव्या ठिकाणी टिकलो. पुण्यात सिंहगड रोडच्या आतल्या एका गल्लीत पत्र्याची शेड आहे. वेटिंग रूम नाही, कॉफीचं मशीन नाही, बसायला एका जुन्या ओम्नीची मागची सीट आहे. या सगळ्या फिरण्यातून एक पद्धत हाती लागली. नव्या मेकॅनिककडे पहिल्यांदा जाताना असा प्रश्न घेऊन जायचं, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच पक्कं माहीत आहे. त्याला थोडी तयारी लागते.

१. आधी मॅन्युअलची चार पानं

ग्लव्ह बॉक्समध्ये, जुन्या पावत्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न आलेलं एक पुस्तक असतं. ते सगळं वाचू नका. मेंटेनन्सचा तक्ता आणि शेवटची क्षमतांची पानं तेवढी काढा. हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर पीडीएफ बहुधा मिळतं.

त्यातून काही गोष्टी फोनमध्ये लिहून ठेवायच्या. इंजिन ऑइलचा ग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असं जे काही असेल ते. ऑइल किती लागतं: लहान पेट्रोल इंजिनाला फिल्टरसकट साधारण तीन ते साडेतीन लिटर पुरतं, डिझेलला जास्त. सर्व्हिस कधी: आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. आणि स्पार्क प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल कधी बदलायचं.

तक्त्याच्या शेजारी बहुधा बारीक अक्षरात आणखी एक तक्ता असतो, खडतर वापरासाठी. धूळ, सतत थांबत-थांबत जाणं, दोन-तीन किलोमीटरचे फेरे. पुण्यात विद्यापीठ चौकातून रोज ऑफिसला जाणाऱ्याने आपण त्या दुसऱ्या तक्त्यात बसतो असं धरून चालावं. अंतर कमी झालं तरी क्लच, ब्रेक आणि ऑइल झिजायचं थांबत नाही.

हा अभ्यास का, तर बिलावर 'इंजिन ऑइल ४ लिटर' दिसलं आणि तुमच्या इंजिनात तीन लिटरच्या थोडं वर मावतं हे तुम्हाला माहीत असलं, तर उरलेलं ऑइल कुठे गेलं हे तुम्ही हसत विचारू शकता. हा भांडणाचा प्रश्न नाही. चांगला माणूस उरलेला डबा डिकीत ठेवलेला दाखवतो.

२. कंपनीचं सेंटर की बाहेरचं गॅरेज

वॉरंटी चालू असेल तर फार विचार करू नका, अधिकृत सेंटरलाच जा. वेळेवर सर्व्हिस झाली, ठरलेल्या ग्रेडचं ऑइल पडलं, याचे कागद पुढे क्लेमच्या वेळी मागितले जातात. दोन हजार वाचवायला जाऊन गिअरबॉक्सच्या क्लेमवर वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. एअरबॅग, कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट आणि रिकॉलची (दोष निघाला म्हणून कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची) कामं वॉरंटीनंतरही तिथेच करावीत. रिकॉलच्या कामाला पैसे पडत नाहीत. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकला की आपली गाडी यादीत आहे का ते कळतं. आजच बघून टाका.

वॉरंटी संपल्यावर मात्र तुम्ही मोकळे. बाहेर कंपनीचे पार्ट मिळत नाहीत, बाहेरच्यांना जमत नाही, हे अजूनही काउंटरवरून ऐकायला मिळतं. याच विषयावर २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची अवजारं बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोचू न देणं, हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही सुरू केलं. आज नेहमीच्या गाड्यांचे कंपनीचे पार्ट नाना पेठेतल्या दुकानांत डब्यासकट मिळतात.

माझं मत विचाराल तर नेहमीच्या सर्व्हिसिंगला, गाडी सहा-सात वर्षांच्या पुढची आणि रस्त्यावर भरपूर दिसणाऱ्या मॉडेलची असेल, तर चांगल्या स्वतंत्र गॅरेजसारखं काही नाही. मोठ्या सेंटरला तुम्ही बोलता एका माणसाशी, गाडीवर काम करतो दुसरा, आणि बिल काढतो तिसरा. शेडमध्ये तिघं एकच असतात. उलट गाडी नवी, महाग किंवा रस्त्यात क्वचित दिसणारी असेल तर शेडमधला माणूस कितीही प्रामाणिक असला तरी तो तुमच्या गाडीवर शिकणार. शिकण्याचे पैसे तुमचे.

३. कुणाला विचारायचं

सोसायटीच्या ग्रुपवर 'कोणी चांगला मेकॅनिक सुचवेल का' असं टाकलं की अकरा नंबर येतात. त्यातले चार जण त्यांच्याकडे एकदाच गेलेले असतात. प्रश्न बदला. 'तुमच्याकडे माझ्याच मॉडेलची गाडी आहे, तुम्ही एकाच मेकॅनिककडे किती वर्षं जाताय, आणि कधी काम बिघडलं तेव्हा त्याने काय केलं?' याला दोनच उत्तरं येतील, पण ती कामाची असतील.

त्याहून चांगले साक्षीदार बाहेर असतात. शाळेची व्हॅन चालवणारे काका आणि टॅक्सीवाले. त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते, त्यामुळे फालतू काम काढणाऱ्याकडे ते दुसऱ्यांदा जात नाहीत. मात्र ते खर्च पुढे ढकलणाऱ्याकडे जाण्याचीही शक्यता असते, तेवढं ध्यानात ठेवा.

दुसरा साक्षीदार स्पेअर पार्टच्या दुकानातला काउंटरवरचा माणूस. त्याला सगळ्या भागातल्या गॅरेजांची नाडी ठाऊक असते: कोण डब्यातला कंपनीचा पार्ट नेतो, कोण 'त्यातलाच स्वस्तातला दे' म्हणतो. नावं ठेवायला तो तयार होणार नाही, सगळेच त्याचे गिऱ्हाईक. म्हणून त्याला असं विचारा: 'तुमची स्वतःची गाडी कुणाकडे टाकता?'

तिसरा म्हणजे व्हील अलाइनमेंटवाला. प्रत्येक गॅरेजमधून आलेली गाडी तो खालून बघतो. नट चेपलेले, रबरी बुश उलटा बसवलेला, स्टीअरिंगच्या टायरॉडला चेक नट आवळलेलाच नाही, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून जातं. मला माझे मिस्त्री मिळाले ते त्याच्यामुळेच. त्याने एवढंच सांगितलं, 'त्यांच्याकडून आलेल्या गाडीचा अँगल एका फेरीत बसतो.'

गूगलवरचे तारे बघायचेच असतील तर पाच आणि एक सोडून तीन ताऱ्यांवाले वाचा.

४. गाडी न नेता एक चक्कर

दोन-तीन नावं हाती आली की कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दुचाकीवर जा आणि पंधरा मिनिटं नुसते उभे राहा. हवा चेक करायचीय, वायपर बघायचाय, काहीही निमित्त चालेल.

आधी बघा कुठल्या गाड्या उभ्या आहेत. तुमच्या कंपनीच्या तीन-चार असतील तर बरं. चाकांखाली गवत उगवलेल्या, काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसलेल्या गाड्या बऱ्याच असतील तर तिथे काम अडकतं, हे उघड आहे.

मग गाडीखाली झोपलेल्या पोराकडे बघा. गाडी नुसत्या जॅकवर आहे की खाली घोडे, म्हणजे आधाराचे लोखंडी स्टँड, लावलेत? माझ्यापुरता हा एक प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. जो मालक आपल्या हाताखालच्या पोराला नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली घालतो, तो तुमच्या ब्रेकच्या नटाची काळजी कशाला करेल? तिथून निघून या, बाकी काही बघायची गरज नाही.

तिथे थांबलाच असाल तर बघा: काढलेले नट-बोल्ट ट्रेमध्ये आहेत की जमिनीवर, फेंडरवर कापड टाकलंय का, टॉर्क पाना भिंतीवर दिसतो का, स्कॅनर आहे का. जुनं ऑइल कुठे जातं? ते घातक कचऱ्यात मोडतं. पिंपात साठवून विकणारा आणि मागच्या नाल्यात ओतणारा, दोघं एका रस्त्यावर सापडतात. आणि दुरुस्ती झाल्यावर गाडी चालवून कोण बघतो? स्वतः मिस्त्री फेरी मारत असेल तर उत्तम.

५. पहिलं काम छोटं, आणि उत्तर आपल्याला माहीत असलेलं

आता ती पद्धत. गाडी न्यायच्या आधी घरी काही गोष्टी आपणच बघायच्या. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा हाताने निघतात. केबिन फिल्टर पुष्कळ गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. माझ्या गाडीत दर पावसाळ्यानंतर त्यात कडुनिंबाची पानं सापडतात. बॅटरीवरची तारीख वाचा. ब्रेक ऑइलच्या बाटलीवर दोन रेघा असतात, पातळी त्यांच्यामध्ये आहे का पाहा. टायरच्या दुकानात चाकं काढली जातात तेव्हा ब्रेक पॅड किती उरलेत ते विचारून ठेवा. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास असतो, तीनपर्यंत आला की बदलायचा.

एवढं झालं की नव्या गॅरेजात फक्त ऑइल चेंज आणि साधी तपासणी सांगा. पॅड सहा मिलिमीटर आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. तो 'संपलेत' म्हणाला तर तुम्हाला जे हवं होतं ते कळलं, आणि तेही एका ऑइल चेंजच्या खर्चात.

मी हे शिकलो ते एका फिल्टरमुळे. एअर फिल्टर मी स्वतःच नाना पेठेतून आणून बसवला होता आणि सवयीने त्याच्या रबराच्या कडेवर मार्करने तारीख लिहिली होती. दोन महिन्यांनी एका गॅरेजमधून सर्व्हिस करून आणली. बिलात 'एअर फिल्टर, नवीन'. घरी पार्किंगमध्ये सहज डबा उघडला, तर आत माझं स्वतःचं अक्षर. हवा मारून धूळ तेवढी उडवलेली. तीन-चारशे रुपयांची गोष्ट, पण जिथे मी बघू शकत होतो तिथे हे, तर जिथे बघू शकत नाही तिथे काय, हा विचार काही डोक्यातून गेला नाही. परत गेलो नाही. तेव्हापासून फिल्टरवर तारीख लिहिणं हा माझा कुळाचार झालाय.

हाच डाव चेक इंजिनच्या दिव्यावरही चालतो. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो, फोनला जोडून कोड वाचता येतो. समजा कोड आला पी०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. हा कोड रोगाचं लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. ते प्लग असेल, प्लगला वीज देणारी कॉइल असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असेल. गॅरेजात काही न बोलता बघा मिस्त्री काय करतो. स्कॅनर लावून लगेच 'चारही कॉइल बदला' म्हणणारा एक. दुसरा पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर लावतो, कोड पुसतो, फेरी मारून येतो. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, एकच कॉइल बदलायची. तसाच राहिला तर कॉइल निर्दोष, आता प्लग. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. असा माणूस सापडला की बाकीची यादी फाडून टाकली तरी चालेल.

६. दुखणं सांगा, औषध सांगू नका

यात बहुतेक वेळा चूक आपली असते. आपण जातो आणि म्हणतो, 'शॉकअप गेलेत, बदला.' मग शॉकअप बदलून मिळतात. आवाज तसाच राहतो आणि आपण म्हणतो मेकॅनिकने फसवलं.

काय होतंय तेवढं सांगायचं. आवाज कसला, खडखड की किरकिर. गाडी थंड असताना की तापल्यावर. किती वेगाला. वळताना की सरळ. ब्रेक दाबल्यावर थांबतो की वाढतो. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, कारण गॅरेजच्या दारात गेल्यावर गाडी हमखास गप्प बसते. आणि शक्य असेल तर मिस्त्रींना शेजारी बसवून त्याच स्पीड ब्रेकरवरून फिरवून आणा.

माझ्या गाडीचा पुढच्या डाव्या बाजूने खडखड असा आवाज होता, फक्त हळू वेगात, खड्ड्यांतून. एका ठिकाणी न चालवताच पुढचे दोन्ही शॉकअप आणि माउंटिंग असा साडेआठ हजारांचा कागद हातात दिला. मग अलाइनमेंटवाल्याने सांगितलेल्या या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गल्लीतून एक चक्कर मारली, गाडी रॅम्पवर घेतली, शॉकअपवरून बोट फिरवून बोट मला दाखवलं. कोरडं. मग टामी, म्हणजे छोटी पहार, घेऊन चाकाजवळच्या लिंक रॉडखाली घालून हलकेच उचकली. टक. पुन्हा टक.

'ऐका सर. हाच ना आवाज?'

'हाच.'

'शॉकअपला काही नाही. गळत नाहीत, दाबून बघितलं तर एका उसळीत बसतात. लिंक रॉड टाकू दोन्ही बाजूंचे. वर्षभराने शॉकअप बघू.'

पार्ट आणि लेबर मिळून दोन हजारांच्या आत काम झालं. हे झालं चार वर्षांपूर्वी. शॉकअप मागच्या वर्षी बदलले, तेही त्यांनीच सांगितलं म्हणून.

७. गाडी सोपवताना

ओळख कितीही झाली तरी दोन ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाव्यात: किलोमीटर किती, काय काय काम करायचं, आणि 'यापलीकडे काही निघालं तर आधी फोन'. भांडण झालं तर हे कागदासारखं कामाला येतं. मोठ्या सेंटरला जॉब कार्ड असतं, त्यावर सही करायच्या आधी ते वाचा. त्यात आधीच टिक केलेली कामं असतात.

एस्टिमेटमध्ये पार्ट आणि लेबर वेगळे मागा. आणि पहिल्या दिवशीच सांगून टाका की काढलेले जुने पार्ट डिकीत ठेवा, नव्याचे डबेही ठेवा. जुने पार्ट घेऊन आपण लोणचं घालणार नाही, भंगारात त्यांनाच परत देऊन टाकू. पण ते डिकीत ठेवायचे आहेत हे माहीत असलं की न बदललेला पार्ट बिलात येत नाही.

पहिल्या सर्व्हिसला तासभर तिथे थांबता आलं तर थांबा. प्रश्नांचा भडिमार नको, नुसतं बघायचं. ऑइल चेंजचंच घ्या. इंजिन कोमट असताना चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट काढला पाहिजे, ऑइलची धार तुटून थेंब-थेंब होईपर्यंत वाट बघितली पाहिजे. नटाचा वॉशर नवा टाकतो का? तो काही रुपयांचा असतो आणि जुनाच टाकला तर महिन्याभराने पार्किंगमध्ये डाग पडतो. नव्या ऑइल फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावतो का, की कोरडाच आवळतो? फिल्टर हाताने आवळायचा असतो, पान्याने करकचून नाही. ऑइल भरल्यावर गाडी चालू करून, बंद करून, काही मिनिटं थांबून मग डिपस्टिक बघायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या वर अजिबात नाही. माझे मिस्त्री शेवटी डिपस्टिक पुसून माझ्या हातात देतात आणि 'तुम्ही बघा' म्हणतात. आता दहा वर्षांचा पोरगाही हे करायला पुढे येतो.

चाकं लावताना नट आधी हाताने फिरवून, मग आडवे-तिरपे क्रमाने आवळले पाहिजेत. एअर गनने घर्रकन एका दमात बसवलेले नट पंक्चरच्या वेळी रस्त्यात तुमच्याच्याने निघणार नाहीत.

८. कंपनीचा, बॉशचा, लोकल आणि डुप्लिकेट

'ओरिजिनल' या शब्दाखाली बाजारात चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. कार कंपनीच्या डब्यातला पार्ट. तोच पार्ट कार कंपनीला बनवून देणाऱ्या बॉश, माहले, व्हॅलिओसारख्यांनी स्वतःच्या डब्यात विकलेला. हा बऱ्याचदा स्वस्त आणि दर्जाला तोडीचा. मग प्रामाणिक लोकल, स्वतःच्या नावाने विकला जाणारा. आणि शेवटी डुप्लिकेट, म्हणजे कंपनीचा खोटा डबा. डब्यावर पार्ट नंबर, छापील एमआरपी आणि महिना-वर्ष असतं. पार्ट नंबर ऑनलाइन टाकून तुमच्या मॉडेलशी जुळतो का बघायला मिनिटभर लागतं. अक्षरं धूसर, होलोग्राम निघालेला आणि एमआरपीवर निम्मी सूट, तर तो डबा परत करा.

वायपर, मॅट, हॉर्न लोकल घेतले तरी आभाळ कोसळत नाही. ब्रेक, स्टीअरिंग, बेअरिंग आणि क्लच यांत काटकसर नको.

पार्ट आपणच आणून द्यावा का? मी फिल्टरच्या बाबतीत आणतो, बाकी नाही. आपण आणलेला पार्ट बिघडला तर मेकॅनिक म्हणणार, तो तुमचा. आणि खरं सांगायचं तर त्याला पार्टवर दोन पैसे सुटू द्यावेत. त्याचं लेबर सेंटरच्या मानाने निम्मं असतं, शेडचं भाडं आणि पोरांचे पगार त्यातूनच जातात. जो गिऱ्हाईक प्रत्येक पार्टची किंमत मोबाईलवर दाखवून घासाघीस करतो, त्याच्यासाठी मग स्वस्तातला पार्ट शोधला जातो. दोष नेमका कुणाचा?

९. जास्तीचं काम आणि कमीचं काम

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, दरवर्षी अंडरबॉडी कोटिंग, टायरमध्ये नायट्रोजन. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर ही यादी अशा काही काळजीने वाचतो की नाही म्हणताना आपल्यालाच अपराधी वाटतं. त्याला विक्रीचं टार्गेट असतं, तो व्यक्ती म्हणून वाईट नसतो. एकच वाक्य पाठ करा: 'मॅन्युअलमध्ये हे कुठल्या पानावर आहे?' तोही हसतो आणि पुढे जातो. अपवाद आहेत. मालवण, रत्नागिरी किंवा मुंबईत समुद्राजवळ गाडी उघड्यावर उभी असेल तर गंजरोधक कोटिंगचे पैसे वाया जात नाहीत.

पण उलटा धोका जास्त मोठा आहे आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण त्यात पैसे वाचतात. 'काय नाय होत, चालवा बिनधास्त' म्हणणारा मेकॅनिक आपल्याला फार आवडतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. त्यात पाणी वाढलं की महाबळेश्वरहून पसरणीचा घाट उतरताना, ब्रेक तापल्यावर, त्याची वाफ होऊन पेडल खाली जाऊ शकतं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं, पातळी कितीही छान दिसो. कूलंटमध्ये नळाचं पाणी टॉप-अप करणारे तर गल्लोगल्ली आहेत. रेडिएटर आतून गंजतो आणि तीन वर्षांनी बिल येतं. तेव्हा नव्या मेकॅनिकला हेही विचारून बघा: 'ब्रेक ऑइल तीन वर्षं झालं, बदलायचं का?' उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी, मान्यताप्राप्त केंद्रातच. गॅरेजवाला 'टेस्टची प्लेट आणून देतो, गाडी आणायची गरज नाही' म्हणाला तर त्याच्याकडे ऑइलही बदलू नका.

१०. बिल

छोट्या गॅरेजला जीएसटी नोंदणी नसणं हा गुन्हा नाही. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे ती लागत नाही. पण मग तो जीएसटी लावूही शकत नाही. साध्या वहीच्या पानावर १८ टक्के जोडलेले दिसले तर नंबर मागा. पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ने सुरू होतो, गोव्यातल्या ३०ने, आणि जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो.

हाताने लिहिलेलं का होईना, बिल घ्याच. तारीख, किलोमीटर, पार्ट आणि लेबर असलेलं. फोटो काढून एका फोल्डरात टाका. गाडी विकताना हे फोल्डर पाच-दहा हजारांनी भाव वाढवून देतं, असा माझा आधीच्या सँट्रोचा अनुभव.

११. बिनसलं तर

काम बिघडणं हे विश्वास तुटण्याचं कारण मी मानत नाही. हात चालतो तिथे चुकतो. बिघडल्यावर तो काय करतो ते बघायचं. माझ्या मिस्त्रींकडूनही एकदा चेंबरच्या नटातून ऑइल पाझरलं. दुसऱ्या दिवशी फोन केला. त्यांनी पोराला ट्रेसकट सोसायटीत पाठवलं, नट आणि वॉशर बदलून दिले, पैसे घेतले नाहीत आणि पुढच्या महिन्यात आपणहून विचारलं, डाग पडतोय का. जो फोन उचलायचा बंद होतो किंवा 'तुम्हीच दगडावर आदळली असेल' म्हणतो, त्याच्याशी हुज्जत घालू नका.

रक्कम मोठी असेल आणि हात झटकले असतील, तर आधी बिल आणि मेसेज जोडून लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तिथे फी लागत नाही. तेव्हा त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन ओळी आणि डिकीतले जुने पार्ट कामाला येतात.

१२. एकदा सापडल्यावर

दर सर्व्हिसला नवं गॅरेज करू नका. गाडीचा इतिहास ज्याच्या डोक्यात आहे त्याला आवाजावरून कळतं की हा मागच्या वर्षीचाच बुश आहे. पैसे त्याच दिवशी द्या. रविवारी दुपारी फोन करू नका. आणि गाडी आणायच्या आधी दोन दिवस सांगा, म्हणजे पार्ट मागवून ठेवता येतो आणि 'आत्ता नाही मिळाला, दुसरा टाकला' ही वेळ येत नाही.

आणखी एक, खास आपल्याकडचं. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस पुण्या-मुंबईतल्या गॅरेजांत पाय ठेवायला जागा नसते. कोकणात निघालेल्या प्रत्येकाला ब्रेक आणि एसी तेव्हाच आठवतो. घाईत केलेली कामं त्याच पंधरवड्यात होतात. माझ्या मिस्त्रींचं गाव राजापूरकडे, ते स्वतःच चतुर्थीच्या दोन दिवस आधी शेडला कुलूप लावून निघतात आणि गौरी-गणपतींचं विसर्जन झाल्याशिवाय परतत नाहीत. त्या आठवड्यासाठी अलाइनमेंटवाल्याकडून आणखी एका गॅरेजचा नंबर घेऊन ठेवलाय. माझी सर्व्हिस जुलैमध्येच उरकते.